अमेरिकी यादवी युद्ध आणि गुलामगिरी: ग्रंथालयांतून प्राथमिक साधने कशी शोधावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी आपण ‘अमेरिकी यादवी युद्ध आणि गुलामगिरी’ हा विषय घेतला आहे. मार्गदर्शकांनी पहिला आराखडा ‘सगळी साधने दुय्यम आहेत, प्राथमिक साधने वापरा’ (म्हणजे नंतर लिहिलेल्या पुस्तकांवर न थांबता त्या काळचे मूळ कागद पाहा) असा शेरा मारून परत केला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या तालिकेत ‘स्लेव्हरी’ हा शब्द घातल्यावर दोन-चार पाठ्यपुस्तकांपलीकडे काही हाती लागले नाही आणि तोच शब्द इंटरनेटवर घातल्यावर इतके समोर आले की सुरुवात कुठून करावी ते कळेना. अमेरिकेला न जाता हे काम होण्यासारखे आहे का, असेही आपण विचारले आहे. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात वर्षानुवर्षे काम करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या विषयांच्या निमित्ताने अनेकांनी विचारला आहे, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

काम होण्यासारखे आहे. या विषयाच्या कागदपत्रांचा फार मोठा भाग अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी आणि तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने विनामूल्य पाहण्यासाठी खुला केला आहे. अडचण आपल्या शोधण्याच्या रीतीत आहे. पुस्तके विषयानुसार लावलेली असतात, दफ्तरे तशी नसतात. दफ्तरातला कागद ज्या कचेरीने, ज्या घराण्याने किंवा ज्या अधिकाऱ्याने निर्माण केला त्याच्या नावाखाली तो असतो, आणि त्या कागदाच्या पाकिटावर ‘गुलामगिरी’ असे लिहिलेले असण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून ‘गुलामगिरीविषयी काय मिळेल?’ असे न विचारता ‘माझ्या प्रश्नातली ही गोष्ट त्या काळी कोणाला, कोणत्या गरजेपोटी कागदावर उतरवावी लागली असेल?’ असे विचारावे. माझ्या सगळ्या सांगण्याचा आधार हा एवढाच आहे.

या विषयात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत गुलाम म्हणून नोंदलेली माणसे ३९,५३,७६० होती. दक्षिणेतील कित्येक राज्यांत त्यांना लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. परिणामी त्यांच्याविषयीचा बहुतेक कागद दुसऱ्यांनी लिहिलेला आहे: मालकाची हिशेबवही, मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी, न्यायालयातला दावा, विक्रीची पावती, पळून गेलेल्याचा शोध घेणारी जाहिरात, लष्करी छावणीतला अहवाल. १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांसाठी वेगळी तक्ते-पत्रके होती. त्यांतले एखादे पान उघडून पाहावे. डाव्या बाजूला मालकाचे नाव येते, आणि त्याखाली माणसांच्या ओळी सुरू होतात. पण त्या ओळींत नावाची जागा रिकामी असते. अनुक्रमांक, वय, लिंग, वर्ण, पळून गेला आहे काय, मुक्त केला आहे काय, आंधळा, बहिरा किंवा वेडा आहे काय, आणि १८६० च्या पत्रकात मालकाकडे गुलामांची घरे किती, एवढेच रकाने. यातली बहुतेक माणसे नावानिशी जनगणनेत आली ती १८७० साली. हे पान कुटुंबाचा इतिहास सांगणार नाही; मात्र एखाद्या परगण्यात एका मालकाकडे किती माणसे होती, त्यांत मुले किती, तरुण पुरुष किती, हे ते चोख सांगते. कोणत्या साधनाला कोणता प्रश्न विचारायचा हे असे साधन पाहूनच ठरते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे आपला विषय आवळा. ‘यादवी युद्ध आणि गुलामगिरी’ हा लघुप्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. तो ग्रंथालयाच्या एका अख्ख्या दालनाचा विषय आहे. त्यातून एक प्रश्न, एक प्रदेश आणि शक्यतो चार-पाच वर्षांचा एक तुकडा निवडावा. दक्षिणेतील राज्ये संघराज्यातून का फुटली, हा प्रश्न घेतला तर साधने थोडी, छापील आणि लगेच मिळणारी आहेत. पळून आलेल्या गुलामांशी उत्तरेच्या सैन्याने काय व्यवहार केला, हा घेतला तर साधने अफाट आहेत पण उत्तम सूचीबद्ध आहेत. मुक्तीनंतर कुटुंबे पुन्हा कशी जुळली, हा घेतला तर साधने विखुरलेली, हस्तलिखित आणि कष्टाची आहेत. फळही तसेच मोलाचे आहे.

फुटण्याच्या कारणांचा प्रश्न नवशिक्याला मी मुद्दाम सुचवतो, कारण प्राथमिक साधन आणि नंतरची सारवासारव यांतला फरक तिथे लख्ख दिसतो. साउथ कॅरोलायनाने २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्य सोडले आणि चार दिवसांनी आपली कारणे जाहीर केली. मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सस यांनीही कारणांची निवेदने काढली. येल विद्यापीठाच्या ‘अ‍ॅव्हलॉन’ या दस्तऐवज-संग्रहात ही निवेदने पूर्ण वाचायला मिळतात. मिसिसिपीचे निवेदन सुरुवातीलाच सांगते की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. फुटलेल्या दक्षिणी राज्यांनी स्थापलेल्या महासंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे केलेल्या भाषणात नव्या राज्याची कोनशिला म्हणून वंशांची असमानता आणि गुलामगिरी यांचेच नाव घेतले. युद्ध हरल्यावर, १८६८ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडी ग्रंथात त्याच स्टीफन्स यांनी सगळा झगडा राज्यांचे हक्क आणि केंद्रसत्ता यांचा होता असे मांडले. दोन्ही मजकूर एकाच माणसाचे आहेत, पण १८६१ मध्ये महासंघ कशासाठी उभा राहिला याचे साधन पहिला मजकूर आहे. दुसरा हा पराभवानंतर त्या आठवणीचे काय केले गेले याचे साधन आहे. लघुप्रबंधात दोन्ही वापरता येतील, मात्र एकाच कामासाठी नव्हे. शिवाय स्टीफन्स यांच्या भाषणाचा जो मजकूर आपल्याला मिळतो तो वृत्तपत्राच्या बातमीदाराने टिपलेला आहे, आणि पुढे स्टीफन्स यांनी तो नीट टिपला गेला नाही अशी तक्रारही केली. हे तळटीपेत नोंदवावेच लागते.

मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. बखर आणि अस्सल पत्र यांतला भेद आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षे घोटला गेला आहे. तीच नजर इथे लावायची आहे. या युद्धाचे सर्वांत जास्त उद्धृत केलेले स्त्रीलिखित साधन म्हणजे साउथ कॅरोलायनातील मेरी चेस्नट यांची ‘रोजनिशी’. १९०५ मध्ये प्रथम छापलेला तो मजकूर वाचताना युद्धकाळातल्या रोजच्या नोंदी वाचतो आहोत असे वाटते, पण त्याचा मोठा भाग त्यांनी १८८० च्या दशकात आपल्या मूळ नोंदींवरून नव्याने रचलेला आहे. मूळ नोंदी १९८४ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्या. गुलामगिरीविषयीचे एखादे तिखट वाक्य उचलायचे असेल तर ते १८६१ चे आहे की वीस वर्षांनंतरचे, हे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून तपासल्याशिवाय लिहू नये.

आता सैन्याच्या कागदपत्रांकडे येतो. दोन्ही बाजूंच्या लष्करी पत्रव्यवहाराचा जो प्रचंड छापील संग्रह अमेरिकी युद्धखात्याने १८८० ते १९०१ या काळात काढला, त्याला अभ्यासक नुसते ‘ऑफिशियल रेकॉर्ड्स’ म्हणतात. १२८ पुस्तके, सुमारे १ लाख ३८ हजार पाने. हातीट्रस्ट आणि इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयांत त्याचे खंड आहेत. एका ठिकाणी एखादा खंड नीट उघडला नाही तर दुसरीकडे पाहावा. त्याच्या चार मालिका आहेत. पहिली मोहिमांची, दुसरी कैद्यांची, तिसरी उत्तरेच्या शासनाच्या पत्रव्यवहाराची आणि चौथी दक्षिणेच्या शासनाच्या. विद्यार्थी साहजिकच पहिल्या मालिकेत शिरतात आणि लढायांच्या अहवालांत बुडून जातात. गुलामगिरीच्या प्रश्नासाठी तिसरी आणि चौथी मालिका अधिक कामाची आहे. आणि ज्या भागाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते तो दुसऱ्या मालिकेच्या अगदी पहिल्याच खंडात आहे. पकडलेल्या आणि पळून आलेल्या गुलामांना लष्कराने कसे वागवले याची पत्रे संपादकांनी कैद्यांच्या मालिकेत घातली. असे का, हे मे १८६१ च्या घटनेवरून समजते. व्हर्जिनियातील फोर्ट मनरो या किल्ल्यावर फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम पळून आले. मालकाच्या वतीने एक अधिकारी त्यांना परत मागायला आला, तेव्हा जनरल बेंजामिन बटलर यांनी ते शत्रूच्या लष्करी कामाला लावलेली मालमत्ता आहेत, म्हणून युद्धात जप्त करण्याजोगा माल आहेत, असा पवित्रा घेऊन परत द्यायला नकार दिला. माणसाला माल ठरवणाऱ्या कायद्याचाच आधार घेऊन त्याला मालकापासून सोडवण्याचा हा मार्ग होता. तेव्हापासून अशा माणसांना सरकारी कागदांत ‘काँट्राबँड’ म्हटले जाऊ लागले.

व्यवहाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शोधखिडकीत आजचा शब्द घालून भागत नाही, त्या काळचा घालावा लागतो. ‘काँट्राबँड’, ‘फ्यूजिटिव्ह’, ‘फ्रीडमेन’, ‘कलर्ड’, ‘सर्व्हंट’, मळ्यावरच्या हिशेबवह्यांत नुसते ‘हँड्स’ किंवा ‘पीपल’. युद्धासाठी ‘रिबेलियन’ आणि दक्षिणेच्या लिखाणात ‘वॉर बिट्वीन द स्टेट्स’. त्या काळचे काही शब्द आज अपमानास्पद आहेत. शोधासाठी ते टाइप करावे लागतात, आपल्या निवेदनात वापरण्याचे कारण नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत मात्र उलटे होते. तिथे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचे (लायब्ररी ऑफ काँग्रेस) ठरीव विषयशीर्षक चालते, आणि त्या शीर्षकाच्या शेवटी ‘सोर्सेस’, ‘पर्सनल नॅरेटिव्ह्ज’, ‘डायरीज’ किंवा ‘करस्पॉन्डन्स’ असा उपविभाग जोडला की पाठ्यपुस्तके गळून पडतात आणि छापील मूळ साधने वर येतात. आपल्या महाविद्यालयाच्या तालिकेत मुळात पुस्तकेच कमी असतील तर वर्ल्डकॅट या जागतिक तालिकेत हा शोध घ्यावा, मिळालेल्या पुस्तकाचे नाव टिपावे आणि मग ते डिजिटल ग्रंथालयात शोधावे. गेल्या काही वर्षांत ‘स्लेव्ह्ज’ ऐवजी ‘एन्स्लेव्ह्ड पर्सन्स’ असे नवे शीर्षक आले आहे, पण सर्वच ग्रंथालयांनी जुन्या नोंदी बदललेल्या नाहीत. दोन्ही घालून पाहावे.

खुद्द गुलामगिरीत राहिलेल्यांचा आवाज हवा असेल तर मी सर्वांत आधी मेरीलँड विद्यापीठाच्या ‘फ्रीडमेन अँड सदर्न सोसायटी’ प्रकल्पाकडे पाठवीन. राष्ट्रीय अभिलेखागारातील लक्षावधी कागद चाळून या प्रकल्पाने मुक्तीच्या प्रक्रियेची कागदपत्रे खंडाखंडांनी प्रसिद्ध केली, आणि त्यांतली निवडक पत्रे संकेतस्थळावर मूळ शुद्धलेखनासह दिली आहेत. त्यातले एक पत्र मी नेहमी वाचायला देतो. स्पॉट्सवूड राइस हा मिसूरीतला पूर्वीचा गुलाम आता उत्तरेच्या सैन्यात शिपाई होता आणि सेंट लुइसच्या बेंटन बराक्स इस्पितळात होता. ३ सप्टेंबर १८६४ रोजी त्याने अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना पत्र लिहिले आणि दुसरे पत्र लिहिले ते मुलगी मेरी जिच्या ताब्यात होती त्या किटी डिग्ज या मालकिणीला. मेरी माझे मूल आहे, देवाने मला दिलेला तो हक्क आहे, आणि जितका वेळ तू तिला अडकवून ठेवशील तितका अधिक काळ तुला नरकात जळावे लागेल, असे त्यात आहे. अक्षरजुळणी मोडकी आहे, आशय नाही.

आता हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले कसे, ते पाहा. पत्र गेले मालकिणीच्या घरी. तिथे ते जळूनही गेले असते. तिचा भाऊ गावचा पोस्टमास्तर होता. त्याने संतापून ही पत्रे मिसूरीतील लष्कराचे प्रमुख जनरल रोझक्रान्स यांच्याकडे पाठवली आणि अशा माणसाला राज्याबाहेर हाकलावे अशी मागणी केली. त्या तक्रारीला जोडलेला पुरावा म्हणून राइसची पत्रे लष्कराच्या दफ्तरात शिरली आणि राहिली. बापाचे पत्र मालकाच्या तक्रारीमुळे टिकले. तारखेकडेही लक्ष द्यावे. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला तोवर वीस महिने झाले होते, पण तो जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरता होता; संघराज्यात राहिलेल्या मिसूरीला तो लागू नव्हता आणि तिथली गुलामगिरी जानेवारी १८६५ मध्ये संपली. म्हणजे गणवेश घातलेल्या सरकारी शिपायाच्या मुली सरकारच्याच बाजूच्या राज्यात कायदेशीररीत्या गुलाम होत्या. अशा एका पत्रावर, त्याला जोडलेल्या तक्रारीवर आणि त्या राज्याच्या कायद्यावर लघुप्रबंधाचे एक प्रकरण उभे राहू शकते.

या गोष्टीला आणखी एक धागा आहे. १९३० च्या दशकात राइसच्या कन्या मेरी बेल सेंट लुइसमध्ये राहत होत्या आणि गुलामगिरीच्या त्यांच्या आठवणी एका सरकारी मुलाखतीत नोंदल्या गेल्या. मंदीच्या काळात बेकार लेखकांना काम देणाऱ्या संघराज्यीय लेखक प्रकल्पाने १९३६ ते १९३८ या वर्षांत पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक कथनांचा संग्रह केला. सुमारे ५०० छायाचित्रांसह तो काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहे. हा संग्रह बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा उघडतात आणि सर्वांत बेसावधपणे वापरतात. बोलणारी बहुतेक माणसे तेव्हा ऐंशीच्या पुढची होती, म्हणजे गुलामगिरी त्यांनी बहुधा बालपणी पाहिली होती. मुलाखतकार बहुतेक गोरे होते, कित्येकदा त्याच गावचे. आणि उत्तर देणारा म्हातारा माणूस मंदीत सरकारी मदतीची आस धरून असायचा. चार्ल्स्टनच्या सुझन हॅम्लिन यांची मुलाखत दोनदा झाली. गोऱ्या मुलाखतकर्तीला, जी मदतखात्यातून आली आहे असा त्यांचा समज झाला होता, त्यांनी मालक भला होता असे सांगितले. कृष्णवर्णीय मुलाखतकाराला त्यांनी फटक्यांच्या आणि ताटातुटीच्या हकिकती सांगितल्या. एका मुलाखतीत आडनाव हॅम्लिन आणि दुसरीत हॅमिल्टन असे पडल्यामुळे नुसत्या सूचीवरून ती एकच व्यक्ती आहे हे पटकन लक्षातही येत नाही. याचा अर्थ हा संग्रह टाकाऊ आहे असा नाही. प्रत्येक कथनाबरोबर मुलाखतकार कोण, जागा कोणती, मजकूर पुढे संपादित झाला का, हे नोंदवून तो वापरावा, एवढाच आहे. बोलीभाषेचे जे विचित्र लेखन त्यात दिसते तेही बोलणाऱ्याचे नसून टिपणाऱ्याचे आहे.

याच्याहून अधिक भरवशाची, पण मेहनतीची साधने युद्धानंतरच्या सरकारी कचेऱ्यांत आहेत. ३ मार्च १८६५ रोजी स्थापन झालेला आणि १८७२ पर्यंत चाललेला ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ ही मुक्त झालेल्या गुलामांसाठीची कचेरी त्यांतली मुख्य. मजुरीचे करार, शिध्याच्या नोंदी, विवाहनोंदी, मारहाणीच्या तक्रारी, शाळांचे अहवाल असे सगळे त्याच्या दफ्तरात आहे, आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडले की ते विनामूल्य पाहता येते. दोन मळेवाल्यांचे मजुरीचे करार शेजारी ठेवून वाचले तरी ‘मुक्त मजुरी’ म्हणजे १८६६ मध्ये काय होते ते उमगते. दुसरी कचेरी पेन्शनची. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते, आणि त्यांच्या विधवांनी पेन्शन मागितले तेव्हा एक पेच उभा राहिला: गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून लग्नाचा दाखला नव्हता. मग शेजारी, जुन्या मळ्यावरचे सोबती, क्वचित पूर्वीचे मालकसुद्धा साक्षीला आले आणि लग्न कधी झाले, कोणी लावले, कोणते मूल कधी जन्मले, कोण कुठे विकले गेले, हे सगळे शपथेवर लिहिले गेले. गुलामांच्या कौटुंबिक जीवनाविषयी याइतके तपशीलवार साधन क्वचितच सापडेल. दुर्दैवाने या पेन्शन-संचिकांपैकी बहुतेक अजून संकेतस्थळावर नाहीत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून प्रती मागवाव्या लागतात आणि त्याला पैसे पडतात. तेव्हा सगळा लघुप्रबंध त्यांवर बेतू नये.

तिसरी कचेरी फारशी कोणाला माहीत नसते. उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेत ज्यांचे घोडे, धान्य, डुकरे नेली आणि जे संघराज्याशी निष्ठावान होते, त्यांना भरपाई देण्यासाठी १८७१ मध्ये ‘सदर्न क्लेम्स कमिशन’ नेमले गेले. त्याच्यापुढे २२,२९८ दावे आले, आणि दावेदारांत पूर्वीचे गुलामही होते. जो स्वतः कायद्याने मालमत्ता होता, त्याच्याकडे घोडा कुठून आला, असा प्रश्न आयुक्त विचारत. आणि उत्तरात रात्री केलेली जादा कामे, मालकाने मुभा दिलेला जमिनीचा तुकडा, शेजाऱ्यांशी केलेली देवघेव हे सगळे बाहेर येई. प्रश्नावली ठराविक असल्यामुळे एका परगण्यातली वीस-पंचवीस उत्तरे तुलनेला घेता येतात.

वृत्तपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. काँग्रेस ग्रंथालयाचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह विनामूल्य आहे. यंत्राने वाचलेली अक्षरे जुन्या पुसट छपाईत चुकतात, म्हणून शब्दशोधात काही मिळाले नाही याचा अर्थ मजकूर नाही असा घेऊ नये. महत्त्वाच्या तारखांचे अंक पान उलटून पाहावेत. पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिरातींसाठी कॉर्नेल विद्यापीठाचा ‘फ्रीडम ऑन द मूव्ह’ आणि युद्धानंतर हरवलेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिरातींसाठी व्हिलानोव्हा विद्यापीठाचा ‘लास्ट सीन’ हे दोन स्वतंत्र संग्रह आहेत. पहिल्यात मालक पैसे देऊन माणूस शोधतो आहे, दुसऱ्यात आई पैसे देऊन मूल शोधते आहे. दोन्हींत वय, खुणा आणि शेवटचे ठिकाण यांचे वर्णन येते. दोन्ही संग्रह एकत्र वापरणारा लघुप्रबंध मला वाचायला आवडेल.

लिंकन यांची कागदपत्रे काँग्रेस ग्रंथालयात आहेत आणि संकेतस्थळावरही आहेत. त्यांच्याविषयी एकच सावधगिरी सांगतो, ती म्हणजे तारखा जुळवून वाचण्याची. २२ ऑगस्ट १८६२ रोजी संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आले तर मी तसे करीन. हे वाक्य एकटे उचलून लिंकन यांना मुक्तीची पर्वा नव्हती असे सिद्ध करणारे कमी नाहीत. मात्र मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी एक महिना आधी, २२ जुलैला, मंत्रिमंडळापुढे वाचला होता, आणि प्राथमिक जाहीरनामा २२ सप्टेंबरला निघाला. प्रसिद्धीसाठी लिहिलेल्या पत्राचा हेतू त्यामुळे वेगळाच दिसू लागतो. छायाचित्रांनाही हीच कसोटी लावावी. अलेक्झांडर गार्डनर यांचे गेटिसबर्ग येथील दगडी आडोशामागे पडलेल्या बंडखोर नेमबाजाचे प्रसिद्ध छायाचित्र (जुलै १८६३) घ्या. तोच मृतदेह जवळच दुसऱ्या जागी टिपलेल्या इतर छायाचित्रांतही दिसतो, म्हणजे तो हलवून मांडणी केली होती. काँग्रेस ग्रंथालयाने काचेच्या मूळ प्रतींचे मोठे स्कॅन दिले असल्याने हे आपण आपल्या डोळ्यांनी पडताळू शकता. संदर्भाशिवाय फिरणारी अवतरणे आणि छायाचित्रे मी कधीच ग्राह्य धरत नाही. ज्या संस्थेत मूळ प्रत आहे तिचे नाव आणि संग्रहक्रमांक मिळेपर्यंत ते साधन आपल्या हाती आलेले नाही असे समजावे.

खासगी घराण्यांच्या कागदांसाठी चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा दक्षिणी इतिहास संग्रह पाहावा. त्यांच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या उपक्रमात गुलामगिरीतून सुटलेल्यांची छापील आत्मकथनेही पूर्ण दिली आहेत. घराण्याच्या संग्रहाची सूची वाचताना ती शेवटपर्यंत वाचावी, कारण संग्रह मालकाच्या नावाने असतो आणि गुलामांच्या याद्या, कपडेवाटपाच्या वह्या, कापूस वेचणीची रोजची वजने हे सगळे ‘हिशेब’ किंवा ‘संकीर्ण’ या शीर्षकाखाली तळाशी दडलेले असते. आणि सर्वांत कमी कष्टाचा मार्ग म्हणजे आपल्या प्रश्नावरचा एखादा नामांकित अभ्यासग्रंथ घेऊन त्याच्या तळटीपा उलट्या दिशेने चालत जाणे. त्या लेखकाने कोणते दफ्तर, कोणती पेटी पाहिली हे तिथे असते. इतके सोपे असूनही फार जण हे करत नाहीत.

आपल्या विषयाला महाराष्ट्राचा खरा धागा हवा असेल तर तो कापसाचा आहे. युद्धाआधी ब्रिटनच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून येत होता. एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केल्यावर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचा समुद्र भरून जमीन काढण्याच्या ‘बॅक बे’ योजनेच्या समभागांचा सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. याची प्राथमिक साधने आपल्या हाताशी आहेत. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात त्या वर्षांचे महसूल खात्याचे खंड आहेत, आणि या कोसळण्यात बुडालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या पतनाच्या चौकशीसाठी १८६८ मध्ये नेमलेल्या आयोगाचा साक्षींसह अहवाल छापील आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपल्याला माहीत असेलच. ती अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामगिरीचे साधन नाही; अमेरिकेतील मुक्तीची वार्ता पुण्यात आठ वर्षांनी कशी वाचली जात होती, याचे ते अव्वल साधन आहे.

परदेशी अभिलेखागाराला ई-मेल पाठवायची वेळ आली तर ‘मला गुलामगिरीवर माहिती हवी’ असे लिहू नये. संग्रहाचे नाव, सूचीतला पेटी आणि संचिकेचा क्रमांक, कोणत्या वर्षांचे कागद हवेत, ते पूर्वी कोणत्या ग्रंथात उद्धृत झाले आहेत आणि आपण काही पानांचे स्कॅन मागत आहात की पूर्ण संचिकेचे दर विचारत आहात, हे सहा-सात ओळींत मांडावे. काही पाने बहुधा फुकट मिळतात, पूर्ण संचिकेला शुल्क लागते. स्कॅन हाती आल्यावर त्याच दिवशी फाइलच्या नावात संस्था, संग्रह, पेटी, संचिका आणि तारीख घालून ठेवावी, आणि संकेतस्थळावरून घेतलेल्या कागदाचेही मूळ ठिकाण लिहून ठेवावे, कारण परीक्षक तळटीपेत संकेतस्थळाचा पत्ता नव्हे तर मूळ कागदाचा ठावठिकाणा विचारतील. नेमका प्रश्न, प्रदेश आणि वर्षे ठरली की पुन्हा लिहा. कोणती मालिका आणि कोणते दफ्तर आधी उघडावे ते तेव्हा नेमकेपणाने सांगता येईल.